किल्ली कुणाच्या खिशात? आपल्या संस्थांना आता स्वतंत्र संगणक सल्लागार हवा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या एका ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांचा रात्री साडेदहाला फोन आला. आवाजात घबराट. "सर, वक्फच्या पोर्टलवर कागद चढवायचे आहेत. सगळे कागद स्कॅन करून ट्रस्टच्या ई-मेलमध्ये ठेवलेत. पण ई-मेलच उघडत नाही. कोड मागतोय, आणि कोड कुणाच्या मोबाईलवर जातोय तेच कळत नाही."

थोडी चौकशी केल्यावर उलगडा झाला. तीन-चार वर्षांपूर्वी ते ई-मेल खाते जमातीतल्याच एका होतकरू मुलाने उघडून दिले होते. नंबर त्याने स्वतःचा टाकला. तो मुलगा आता नोकरीसाठी सौदीला आहे आणि त्याचे इथले सिम कधीच बंद पडले. मुलाने काही वाईट केले नव्हते. उलट रात्री जागून, एक पैसा न घेता काम केले होते. पण ट्रस्टच्या कपाटाची किल्ली त्याच्या खिशात राहिली आणि तो समुद्रापार गेला, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नाही.

शेवटी मूळ कागद पुन्हा शोधून, पुन्हा स्कॅन करून काम भागले. झाले ते झाले. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आपल्या मशिदी, मदरसे, शाळा, बैतुलमाल, बिनव्याजी पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या या सगळ्यांचा कारभार आता संगणकावर आला आहे. त्या संगणकावर नजर ठेवणारे, आपल्या बाजूने बोलणारे कुणी आहे का?

पोर्टलने शिकवलेला धडा

केंद्र सरकारने 'उमीद' पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू केले आणि वक्फ मिळकतींची माहिती त्यावर चढवायला सहा महिने दिले. कायद्याविषयीचा वाद न्यायालयात आहे, तो वेगळा विषय. मुदत वाढवून द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबरला मान्य केली नाही. ज्यांना अडचण आहे त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले. मुदत संपता संपता मंत्र्यांनी तीन महिने दंडाची कारवाई होणार नाही अशी घोषणा केली. शेवटच्या आठवड्यात देशभरातल्या मुतवल्लींची जी धावपळ झाली ती आपण सर्वांनी पाहिली. पोर्टल मंद चालत होते, अडकत होते, हे खरेच. पण निम्मी धावपळ आपल्या बाजूची होती, हेही कबूल केले पाहिजे. कागद एकाकडे, पासवर्ड दुसऱ्याकडे, नंबर तिसऱ्याचा.

याच पोर्टलच्या रचनेत एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तिथे कोणतीही नोंद एका माणसाच्या हाताने पूर्ण होत नाही. मुतवल्ली माहिती भरतो, वक्फ बोर्डाचा अधिकारी ती तपासतो आणि तिसरा अधिकारी मंजुरी देतो. भरणारा वेगळा, तपासणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा.

आता आपल्या संस्थेकडे पाहा. संगणक कोणता घ्यायचा ते सांगणारा, विकणारा, बसवणारा, दुरुस्त करणारा आणि "सगळं ठीक आहे" असे सांगणारा माणूस एकच असतो. हिशेब तपासायला आपण दरवर्षी सनदी लेखापाल नेमतो. खजिनदार कितीही नेक असला तरी नेमतो, कारण कायदा सांगतो आणि ते योग्यही आहे. मग संगणकाच्या बाबतीत बनवणाराच तपासणारा कसा चालतो?

चोरायला आहे तरी काय?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. "सर, आपल्याकडे काय बँक आहे का? चोरणार तरी काय?"

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, म्हणून शाळेपासून सुरुवात करतो. एका मध्यम शाळेच्या संगणकात हजारभर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल, पत्ते, जात-धर्माच्या नोंदी आणि फोटो असतात. शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे तपशील असतात. ट्रस्टकडे देणगीदारांची यादी असते, कुणी किती दिले याची. शादी ब्युरो चालवणाऱ्यांकडे मुलींचे फोटो आणि घरची सगळी माहिती असते.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे घेणाऱ्यांची यादी. काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये रेशन किट वाटणाऱ्या एका मंडळाची यादी, नावे, इमारती, फोन नंबर आणि "बेवा", "बेरोजगार", "कर्जदार" अशा शेऱ्यांसकट, चुकून एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. ज्याने टाकली त्याला वाटले, तो फक्त कमिटीचा ग्रुप आहे. दहा मिनिटांत काढून टाकली, पण दहा मिनिटे पुरेशी असतात. त्या यादीत आमच्या एका विद्यार्थ्याची आई होती. पुढच्या वर्षी त्या बाईंनी किट घेतले नाही. गरज संपली म्हणून नव्हे. "सर, बच्चों को स्कूल में बोलते हैं," एवढेच त्या म्हणाल्या.

पैशाची चोरी भरून काढता येते. ही कशी भरणार? आपल्या घरांत अमानत या शब्दाला वजन आहे. शेजाऱ्याने ठेवायला दिलेले सोन्याचे कंगन आपण जिवापाड जपतो. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही तशीच अमानत आहे, एवढे आपल्या कमिट्यांना पटले तर पुढची निम्मी चर्चा आपोआप सोपी होईल.

कायदाही आता तेच म्हणू लागला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाचा अवधी आहे. म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत आपल्याला घर आवरायचे आहे. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागणार आहे. शाळांना काही बाबतींत मर्यादित सवलत आहे, पण सुरक्षिततेच्या जबाबदारीतून सुटका नाही.

कॉसमॉस बँक: दारातला तोतया शिपाई

सुरक्षा म्हणजे नेमके काय, हे समजायला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या परदेशी व्यवहारांच्या यंत्रणेतून जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे घडले कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन बँकेला विचारते, "या माणसाच्या खात्यात पैसे आहेत का?" हा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत नेणारी आणि उत्तर परत आणणारी एक यंत्रणा असते. तिला स्विच म्हणतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात घुसून त्या स्विचच्या जागी आपला तोतया स्विच उभा केला. प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचतच नव्हता. तोतया मध्येच उत्तर देत होता, "हो, द्या पैसे." दारातला शिपाई बदलला आणि आत बसलेल्या साहेबांना पत्ताच नाही. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले. ते मुख्यतः इथल्या एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतले लोक होते.

या घटनेनंतर दोनच महिन्यांत, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली. पुढच्या वर्षाअखेर बँकेच्या संगणक सेवांनुसार त्या चौकटीचे टप्पे ठरवून दिले. म्हणजे बँकांवर आता बंधन आहे. पण आपल्या छोट्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. बैतुलमाल आणि शिक्षण ट्रस्टना तर या बाबतीत विचारणारे कुणीच नाही. जिथे बाहेरून कुणी विचारत नाही, तिथे आपणच आपल्याला विचारायची सोय करावी लागते. स्वतंत्र सल्लागार ही ती सोय.

तो पहिल्या भेटीत काय पाहील? फार गहन काही नाही. संस्थेच्या ई-मेल, वेबसाइट, बँक आणि सरकारी पोर्टलची खाती कुणाच्या नंबरवर आहेत. नोकरी सोडून गेलेल्या क्लार्कचे लॉगिन अजून चालू आहे का. सगळ्या संगणकांना एकच पासवर्ड आहे का, आणि तो भिंतीवर चिकटवलेला आहे का. (हसू नका, आम्ही पाहिला आहे.) माहितीची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती उघडून पाहिली आहे का. चंद्याच्या पेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड खरोखर संस्थेच्याच खात्याचा आहे का. या पाच-सहा गोष्टी नीट झाल्या तर निम्मा धोका टळतो.

मुंबई विद्यापीठ: आधी कळस, मग पाया

सल्लागाराचे दुसरे काम प्रकल्प सांभाळण्याचे. म्हणजे नवी संगणक व्यवस्था आणायची ठरली की ती ठरल्या वेळी, ठरल्या पैशांत आणि चालेल अशी येते की नाही, हे आपल्या बाजूने पाहणे.

इथे मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे उदाहरण विसरता येत नाही. आमच्या ओळखीतली कितीतरी मुले त्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाने ठरवले की सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती. पण सुमारे साडेसतरा लाख उत्तरपत्रिका आणि ४७७ परीक्षा एका झटक्यात नव्या पद्धतीवर आणल्या. परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राटाचे काम पूर्ण झालेले नव्हते. प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि तपासणी एकाच वेळी चालली. स्कॅनिंगमध्ये गोंधळ झाला, उत्तरपत्रिका एकमेकांत मिसळल्या. राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, ३१ जुलैपर्यंत सगळे निकाल लावा असा आदेश दिला. तो पाळला गेला नाही. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशी प्रवेश मिळालेली, नोकरीचे पत्र हातात असलेली मुले गुणपत्रिकेसाठी कलिन्याच्या फेऱ्या मारत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

ही चूक संगणकाची नव्हती. ती नियोजनाची होती. एखाद्या छोट्या विद्याशाखेवर आधी करून पाहायला हवे होते. एक सत्र जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवायला हवी होती. "अजून तयारी झालेली नाही, या वर्षी नको" असे ठामपणे सांगणारा आणि ज्याचे ऐकले जाईल असा माणूस टेबलाशी हवा होता. विकणारा कधीच "नको" म्हणत नाही, त्याचे बिल अडकते. ज्याला घाईने श्रेय घ्यायचे आहे तोही म्हणत नाही. ज्याचे पैसे विक्रीवर अवलंबून नाहीत, तोच "थांबा" म्हणू शकतो.

आपल्या शाळांत हेच छोट्या प्रमाणावर घडते. फीचे सॉफ्टवेअर जून महिन्यात, प्रवेशाच्या गर्दीत सुरू करतात. पैसे आगाऊ देऊन टाकतात. दोन महिन्यांनी कळते की जुन्या रजिस्टरातल्या नोंदी नव्यात आल्याच नाहीत. तक्रार करावी तर कंपनी म्हणते, "हे करारात नव्हतं." करार कुणी वाचलाच नव्हता. इंग्रजीत होता.

घरातली किल्ली

धोका नेहमी बाहेरूनच येतो असेही नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले. शालार्थ ही राज्यातल्या शिक्षकांच्या पगाराची संगणक प्रणाली. खऱ्या मंजुरीशिवाय तयार केलेल्या आयडींवर पगार निघत होते. शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमावे लागले. आम्हा शिक्षकांसाठी ही शरमेची गोष्ट होती. प्रामाणिक शिक्षक महिनोन्महिने मान्यतेसाठी खेटे घालतो आणि इथे नसलेल्या मंजुरीवर पगार सुरू.

कुणी दूरदेशीच्या चोराने कुलूप फोडले नव्हते. ज्यांच्याकडे किल्ली होती किंवा ज्यांनी ती दुसऱ्याच्या हाती दिली, तिथूनच वाट फुटली. मराठीत यासाठी जुनी म्हण आहेच, कुंपणानेच शेत खाल्ले. म्हणून कुंपणावरही कुणाची तरी नजर हवी, आणि ती नजर कुंपणवाल्याची नको.

हेच सल्लागारालाही लागू आहे. एका माणसाच्या हातातून सगळ्या किल्ल्या काढून दुसऱ्या माणसाच्या हातात दिल्या, तर सुधारणा काय झाली?

स्वतंत्र कुणाला म्हणायचे?

मीरा रोडकरांना याबाबतीत वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा सातशेहून अधिक लोकांना ताब्यात घेतले होते आणि त्यांतल्या सत्तर जणांना अटक झाली होती. इथे बसून, अमेरिकी उच्चारात बोलून, "आम्ही कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल" असे सांगून अमेरिकेतल्या लोकांना लुटले जात होते. नोकरीच्या शोधात आलेली विशी-बावीशीची पोरे त्यात होती. कितीतरी घरांत त्या आठवड्यात चूल पेटली नाही.

त्या प्रकरणातून आम्ही एक गोष्ट शिकलो. अधिकाराचा आवाज काढणे फार सोपे असते. आज तोच आवाज आपल्या ट्रस्टच्या ऑफिसात येतो. "सर, सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, तुमच्या सिस्टीममध्ये व्हायरस आहे, एक ॲप टाका, मी इथूनच बघतो." आणि आपला क्लार्क ॲप टाकतो. म्हणून सल्लागार नेमतानाही पारख करूनच नेमला पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे काही साध्या कसोट्या अशा आहेत:

- तो संगणक, सॉफ्टवेअर, वेबसाइट यांपैकी काही विकत नसावा. विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाही, हे त्याने लिहून द्यावे.
- तो सदर, सेक्रेटरी किंवा खजिनदार यांचा नातेवाईक नसावा.
- त्याची फी ठरावीक असावी. खरेदीच्या रकमेवर टक्केवारी नको. टक्केवारी असली की महाग वस्तूच त्याला चांगली वाटू लागते.
- त्याने आधी कुणाकडे काम केले ते विचारावे आणि त्यातल्या दोन ठिकाणी स्वतः फोन करावा.
- काम काय, किती दिवसांत, शेवटी हातात काय मिळणार, हे एका पानावर लिहिलेले असावे, कमिटीतल्या सगळ्यांना कळेल अशा मराठीत किंवा उर्दूत.
- पाहिलेली माहिती बाहेर जाणार नाही, याची लेखी हमी असावी.
- त्याला तपासणीपुरते वेगळे लॉगिन द्यावे आणि काम संपताच ते बंद करावे. बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी त्याला कधीही देऊ नये. चांगला सल्लागार ते मागणारच नाही.
- अहवाल एका माणसाला नाही, संपूर्ण कमिटीला मिळावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी.

मोठ्या संस्थांसाठी, म्हणजे कॉलेज, रुग्णालय किंवा बँक चालवणाऱ्यांसाठी, 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था सुरक्षा तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी ठेवते. ती सर्वांना पाहता येते. याच 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. आपल्यापैकी किती संस्थांना हे ठाऊक आहे? आणि पैसे गेलेच, तर पहिला फोन ओळखीच्या नगरसेवकाला नाही, १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला करायचा. रक्कम खात्यात गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच.

"आपलाच मुलगा आहे"

हे सगळे बोलले की मीटिंगमध्ये तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप: "आपलाच मुलगा आहे, त्याच्यावर शक घ्यायचा का?" शक नाही घ्यायचा. तपासणी हा अविश्वास नसतो. हिशेब तपासनीस आला म्हणून खजिनदार चोर ठरत नाही. उलट प्रामाणिक माणसाचे रक्षण तपासणीनेच होते. उद्या काही बिघडले तर त्या मुलाकडे बोट दाखवायला सगळे पुढे येतील. त्या वेळी "माझे काम तपासले गेले होते" असे म्हणायला त्याच्याकडे कागद हवा.

दुसरा आक्षेप: "पैसे कुठून आणायचे? कुणी फी सबीलिल्लाह करणारा बघा." खिदमत करणाऱ्यांची आम्हाला कदर आहे. आपल्या संस्था त्यांच्यावरच उभ्या आहेत. पण फुकट कामाला ना तारीख विचारता येते, ना जाब. त्याला वेळ मिळेल तेव्हा तो येणार, आणि न आल्यास आपण काही बोलू शकत नाही. रंगरंगोटी करणाऱ्याला, प्लंबरला, मंडपवाल्याला आपण पैसे देतो. मग आपल्या कौममधल्या शिकलेल्या, रात्रंदिवस मेहनत करून इंजिनिअर झालेल्या मुला-मुलीने मात्र सगळे फुकट करावे, ही अपेक्षा बरी नव्हे. त्यांना रास्त फी द्या, पावती घ्या, आणि मग हक्काने विचारा.

खर्चाचा मार्गही निघतो. सिल्व्हर पार्क, नया नगर, शांती नगर एवढ्या टापूतच किती शाळा, ट्रस्ट आणि सोसायट्या आहेत. पाच-सहा संस्थांनी मिळून एकच सल्लागार वर्षातून दोन वेळा बोलावला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम वार्षिक जलशाच्या बॅनरांपेक्षा जास्त असण्याचे कारण नाही. मोठ्या खरेदीच्या वेळी तेवढा त्याला जास्तीचा वेळ मागायचा.

तिसरा आक्षेप थोडा खरा आहे: "सल्लागारही चुकू शकतो." चुकू शकतो. डॉक्टरही चुकतो, म्हणून आपण औषध सोडत नाही, दुसरे मत घेतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. सल्लागार सल्ला देतो, निर्णय कमिटीचा असतो. "सल्लागाराने सांगितलं म्हणून केलं" हे उत्तर उद्या कायद्यासमोर चालणार नाही, आणि ज्या बाईची यादी फुटली तिच्यासमोर तर मुळीच नाही. म्हणून कमिटीतल्या निदान दोघांनी, शक्य असेल तर एका तरुण सदस्याने आणि एका महिला सदस्याने, हे काम समजून घेतले पाहिजे. आपल्या कमिट्यांत महिला आहेत किती, हा प्रश्न इथेही येतोच. रेशनच्या आणि शादी ब्युरोच्या यादीत नावे कुणाची असतात, ते पाहा म्हणजे तो का येतो ते कळेल.

रमजानच्या आधी एक मीटिंग

रमजान तोंडावर आहे. जकात, फितरा, रेशन किट, शाळांच्या फीसाठीची मदत, सगळ्या याद्या पुन्हा बनतील. पुन्हा त्या कुणाच्या तरी मोबाईलवर फिरतील. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा या आठवड्यात एक मीटिंग घ्या. सल्लागार मिळेपर्यंतही पाच प्रश्नांची उत्तरे तुम्हीच लिहून काढू शकता. संस्थेची खाती कोणकोणती आहेत? प्रत्येक खात्याचा कोड कुणाच्या नंबरवर येतो? तो माणूस उद्या नसेल तर दुसरी किल्ली कुणाकडे आहे? लोकांची माहिती कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये पडून आहे? आणि हे सगळे शेवटचे कुणी, कधी तपासले?

ज्या प्रश्नापुढे "माहीत नाही" लिहावे लागेल, तेच सल्लागाराला देण्याचे पहिले काम.

त्या सेक्रेटरी साहेबांच्या ट्रस्टने आता संस्थेच्या नावाने वेगळे सिम घेतले आहे. ते ऑफिसच्या तिजोरीत असते. तिजोरी उघडायला दोघांच्या सह्या लागतात. रियाधच्या मुलाने फोनवर बसून जुन्या खात्यांची, आठवत होती तेवढी, यादी लिहून पाठवली आणि वर म्हणाला, "सर, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं." आता ते काम तपासायला बाहेरचा माणूस शोधत आहेत. आम्हाला विचारले, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? आम्ही म्हणालो, आहे, पण तो आमचा भाचा आहे, म्हणून त्याचे नाव सांगणार नाही.